बा मान हलवतो

३ नोव्हेंबर, सोम.

लिहायचं लिहायचं म्हणत दिवाळी गेली. वही शहाद्याला घेतली होती, तेव्हापासून पिशवीच्या तळाशी पडून. कव्हरवर केळीच्या चिकाचे काळे डाग. आज काढली, कारण घरी रेंज नाही आणि रुथ माझ्याशी बोलत नाही.

बाला, म्हणजे माझ्या बापाला, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नंदुरबारच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर रुथने मला कळवलं. मी शहाद्याला ट्रकमध्ये केळीचे घड भरत होतो. त्याआधी बारडोलीला ऊसतोड, त्याआधी सुरत, मधे नुसताच फिरत. रुथ माझी धाकटी बहीण, पण बोलते मोठीसारखी. म्हणाली, तुला घरी आणायला बाला पडावं लागलं. खरंय.

निघताना मुकादमाला सांगितलं, बाप आजारी आहे, चर्चवाल्यांनी दवाखान्यात नेलं. तो म्हणाला, "तू भिल शे का ख्रिस्ती शे? एक काय ते सांग."
म्हटलं दोन्ही.
"दोन्ही सांगीसन बी पगार एकच भेटी."
सगळे हसले. मीपण. गाडीत बसल्यावर नाही हसलो.

५ नोव्हें., बुध.

बाला भरवतो. अर्धं तोंडातून खाली येतं. डोळे मात्र तेच, रागीट. विचारलं, ओळखलंस का? मान हलवली. बरं वाटलं.

रुथ आज बोलली. बाचं नव्हे, कबरस्तानचं बोलली.

भांडण जुनं आहे. दर रविवारी मंडळी उभी राहून मतांगीकार म्हणते, म्हणजे आम्ही काय काय मानतो ते. त्यात येशू मेला, पुरला, आणि मग 'अधोलोकात उतरला' अशी ओळ. मेलेले असतात तिथं खाली गेला. नवीन पास्टर आले त्यांनी ती ओळ काढली. बायबलमध्ये स्पष्ट नाही, तारणासाठी तिची गरज नाही, लोकांचा उगीच गोंधळ होतो. सगळ्यांनी सोडली. बाने नाही सोडली. सगळे 'पुरला गेला'वरून पुढे जायचे आणि बा मधेच एकटा मोठ्याने ती ओळ म्हणायचा. पोरं हसायची. मीपण एकदा हसलोय, मागच्या बाकावर.

बा त्या ओळीवरच ख्रिस्ती झाला. त्याचा बाप मेला तेव्हा आमच्या डोंगरात येशूचं नाव घेणारं कोणी आलंच नव्हतं. बाप्तिस्म्याआधी बाने जुन्या पास्टरांना विचारलं, मग माझा बाप कुठंय? त्यांनी सांगितलं, येशू खाली मेलेल्यांकडे गेला होता, त्यांच्याशी बोलला. बा म्हणाला, मग ठीक. पाण्यात उतरला. ही गोष्ट तो दारू सोडल्यावरही दारू प्यायल्यासारखी सांगायचा. शेवटी ठरलेलं वाक्य: "माझा बाप त्याला तिथं भेटला. नसेल भेटला तर मी कशाला येऊ?"

दुसरं म्हणजे नवाई. नवी ज्वारी निघाली की आधी पूर्वजांना, मग आपण. डोंगरात सगळे करतात. ख्रिस्ती झाल्यावर बाने बाकी सगळं सोडलं, पूजा, बळी, भगत. एवढं नाही सोडलं. सागाच्या पानावर मूठभर ज्वारी उंबऱ्यावर ठेवायची, बापाचं नाव घ्यायचं, बस. येशूला भेटला असेल तरी भूक लागत असेल, म्हणायचा.

मंडळीच्या पंचांनी दोनदा समज दिली, मग प्रभुभोजनातून काढलं, म्हणजे चर्चमधली येशूच्या नावाची भाकर बंद. आणि ज्याला प्रभुभोजन नाही त्याला मंडळीच्या कबरस्तानात जागा नाही. याहा तिथं आहे. आईला आम्ही याहाच म्हणायचो. तिला ठेवलं तेव्हा बाने शेजारी एका माणसाची जागा सोडून नदीचे गोटे लावले होते. ते गोटे अजून आहेत.

रुथ म्हणते, बाने ते दोन्ही सोडलं म्हणायला पाहिजे. बा बोलू शकत नाही. मग कसं म्हणायचं हे कोणालाच ठाऊक नाही.

८ नोव्हें., शनि.

टेकडीवर गेलो, तिथं रेंज येते. मतांगीकार कोणी लिहिला ते शोधायला बसलो आणि आधी प्रकाशा गावच्या पुलाला तापीचं पाणी लागलेला व्हिडिओ बघितला, मग उसात बिबट्या निघाला तो, मग बॅटरी अर्धी.

शेवटी सापडलं. नायसिया नावाचं गाव, सतराशे वर्षांपूर्वीचं. बादशहाने सगळे बिशप तिथं बोलावले. भांडण असं की पुत्र, म्हणजे येशू, हा देवबापाच्या बरोबरीचा का थोडा खाली. एकाचं मत पडलं, त्याला देशाबाहेर काढलं. मग बादशहाचं मन फिरलं, त्याला परत बोलावलं. मग जो जिंकला होता त्याला काढलं. तोही परत आला, परत काढला. एसटीसारखं, जाणं-येणं. हसू आलं, पण मग वाटलं की त्यांच्यापण बायका, आया कुठंतरी पुरलेल्या असतील.

आणि बाची ओळ. नायसियाच्या मतांगीकारात ती नाहीच. दुसऱ्या एकात आहे, त्यातही नंतर आली म्हणतात. काही जण म्हणतात खाली गेला म्हणजे फक्त मेला. काही म्हणतात दारं फोडून लोकांना बाहेर काढलं. इतकी वर्षं झाली, अजून ठरलेलं नाही.

म्हणजे पास्टर चूक नाहीत. बापण चूक नाही. याचा मला काय उपयोग.

परत येताना सागाची पानं दिसली, मोठी, भोकं पडलेली. तोडली नाहीत.

९ नोव्हें., रवि.

चर्चला गेलो, बऱ्याच दिवसांनी. मतांगीकार आला. 'पुरला गेला' झाल्यावर सगळे जरासे थांबले. बाच्या आवाजासाठी जागा सोडायची सवय लागलेली. मग पुढची ओळ.

मी म्हणू शकलो असतो.

१२ नोव्हें., बुध.

पास्टर आले, दोन पंच घेऊन. बकऱ्याच्या पायाचं सूप आणलं होतं, त्यांच्या बायकोने केलेलं. हे लिहून ठेवतो, कारण मला त्यांचा राग करायचाय आणि ते करू देत नाहीत. बा पडला तेव्हा त्यांनीच त्याला मोटारसायकलवर मधे बसवून, मागून रुथला धरायला लावून खाली डांबरी रस्त्यापर्यंत नेलं होतं.

ते नवापूरकडचे. आमची घरची बोली त्यांना येत नाही. पुस्तकी मराठीत विचारलं. ख्रिस्ताशिवाय तारण नाही, जे त्याच्याविना मेले ते हरवले, हे मानता का? पूर्वजांना अर्पण करणं सोडता का? रुथने आमच्या बोलीत सांगितलं. अर्धंच सांगितलं. 'हरवले' हे तिने गाळलं, मी ऐकत होतो.

बाने पास्टरांकडे बघितलं. मान हलवली. वर-खाली, स्पष्ट.

एका पंचाने मोबाईलवर घेतलं. "प्रभूची स्तुती असो." पास्टरांचे डोळे भरले. त्यांनी बाचा मेलेला हात हातात घेतला आणि प्रार्थना केली, चांगली, लांब. येत्या रविवारी बाला परत मंडळीत घेतील. जागा मिळाली. गोट्यांच्या आतली.

रुथ मागच्या दारी जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

१३ नोव्हें., गुरु.

सकाळी बाला उन्हात बसवलं. विचारलं, पाणी? मान हलवली. दिलं तर प्यायला नाही. विचारलं, नको? मान हलवली.
थोडं थांबून विचारलं, बा, ही बकरी बोलते का रे?
मान हलवली.
तू सुरतेचा शेठ आहेस?
वर-खाली.
माझं नाव घेऊन विचारलं, मी मेलोय का?
वर-खाली. डोळे रागीट. का रडके, मला कळत नाही. आधी रागीट वाटायचे.

म्हणजे मला ओळखलं तेपण नक्की नाही.

रुथला सांगायला गेलो. ती चुलीपाशी. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."
मग पास्टरांना का नाही सांगितलंस?
"सांग तू. जा. मग बाला कुठं ठेवशील ते पण सांग. नाल्यात?"

डोंगरातल्या पूर्वजांच्या जागेत बाला कोणी घेणार नाही, त्यांना सोडून आलेला. हे तिला बोलायची गरज नव्हती.

१४ नोव्हें., शुक्र.

पास्टरांकडे गेलो. सांगायचंच म्हणून. ते अंगणात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी पंप धरला. टायर बसवलं, चेन सैल होती ती घट्ट केली, मग ऊसतोडीचं बोलणं निघालं, मग चहा. मी असाच आहे.

निघताना विचारलं, पास्टर, तुमचा आजा?
ते हात पुसत होते. पुसतच राहिले.
"तोही तसाच गेला. ऐकल्याशिवाय," म्हणाले. "तुला वाटतं मला हे शिकवायला आवडतं? पण आवडत नाही म्हणून पुसून टाकायचं का? मग उद्या कोण काय पुसेल?"

त्यांनी विचारलं, बा बरा आहे ना, शुद्धीत आहे ना नीट? मी मान हलवली.

घरी येताना लक्षात आलं मी काय केलं ते.

१६ नोव्हें., रवि.

बाला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये नेलं. परत घेतलं. पास्टरांनी माईकवर सांगितलं, आपल्या भावाने पूर्वजांचा मार्ग सोडला. भाकर पाण्यात भिजवून बाच्या ओठांत ठेवली. बाने गिळली. रुथ रडली. त्या घोटापुरती मलाही शंका नव्हती कशाची.

मग पंचाने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. मी बघितला नाही. दुकानावर एकाने दाखवला. आवाज पुस्तकी मराठीत, 'जे त्याच्याविना मेले ते हरवले,' आणि बाची मान, वर-खाली. रुथचं बोलणं कापून टाकलंय, लांबतं म्हणून.

दुकानवाला म्हणाला, हा सगळीकडे गेलाय. वरच्या पाड्यांतपण.

१९ नोव्हें., बुध.

धडगावच्या बाजारातून आलेल्या एकाने सांगितलं, वेस्ता काकाने बघितला. बाचा थोरला भाऊ. बा ख्रिस्ती झाला त्या दिवसापासून तो आमच्या अंगणात आलेला नाही. याहाला ठेवलं तेव्हापण नाही, लांब टेकडीवर उभा होता म्हणतात. भांडण असलं तरी एक गोष्ट बा नेहमी सांगायचा, नवाईला मी ठेवतो आणि तिकडे वेस्ता ठेवतो, बाप दोन घरी जेवतो.

काकाने बाजारात कोणाच्या तरी मोबाईलवर बघितलं. परत लाव म्हणाला. परत बघितलं. मग विचारलं, हरवले म्हणजे काय? कोणीतरी समजावलं. ज्वारीचं पोतं तिथंच ठेवून निघून गेला.

रुथला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे, तो काय येणार आहे थोडाच.

मला शहाद्याला परत जायचंय. मुकादमाला फोन लावला, लागला नाही. लागला असता तर गेलो असतो बहुतेक.

२२ नोव्हें., शनि.

आमची ज्वारी निघाली. थोडीच. शेजाऱ्यांनी कापून दिली. रुथने भाकरीचं पीठ मळलं, पण तवा ठेवेना. मी बाच्या खाटेवर, त्याच्या पायाशी. बा उंबऱ्याकडे बघत होता. सकाळपासून तिकडेच. मान हलत नव्हती. पहिल्यांदा.

विचारलं, ठेवू का?
हलली नाही.
नको ठेवू?
हलली नाही. नुसता बघतोय.

आता याचा अर्थ कोणाला विचारू? नायसियाला?

रुथ म्हणाली, "ठेवलंस आणि कोणी बघितलं तर जागा जाईल. याहा एकटी राहील." मग म्हणाली, "नाही ठेवलंस तर मी भाकर कशी खाऊ ते सांग."

सागाचं पान आणलं. मूठ घेतली. उंबऱ्यापाशी बसलोय. वही मांडीवर, मूठ डाव्या हातात, घाम सुटलाय, दाणे चिकटतायत. पुढे लिहितो

कुत्रं भुंकलं. पास्टर असतील म्हणून मूठ खिशात घातली.

पास्टर नाहीत. वेस्ता काका आलाय. पायीच, एकटा. खांद्यावर फडक्यात बांधलेली कणसं. अंगणाच्या कडेला उभा आहे, आत येत नाही. रुथने पाणी नेलं, घेतलं नाही. म्हणतो, "त्याला बाहेर आणा. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, आपला बाप कुठंय."

रुथ माझ्याकडे बघतेय. मी बाची खाट ओढतोय दाराकडे, एका हाताने. बाला काका दिसला.

मान हलायला लागली.