टायरचं पॉलिश

अहो,

किल्ली शोधू नका. तुम्ही फिरायला गेलात तेवढ्यात टोइंगवाल्याला बोलावून तुमची लाडकी गॅरेजला नेते आहे. आज लेकीला तिच्यात बसवून, घाट चढून कॉलेजला सोडायचा बेत होता ना? तिला बसने पाठवा.

इंजिन ठणठणीत आहे, मान्य. पण वीस वर्षांच्या वेगवान गाडीत इंजिन सहसा शेवटी दगा देतं. आधी जातं ते रबर: टायर, ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनची बुशं. गाडी नुसती उभी राहिली तरी जातं. दर रविवारी तुम्ही टायरना पॉलिश मारता. काल मी ते ओल्या फडक्याने पुसलं, तर खाली नख रुतेल एवढ्या भेगा! मी विचारलं तर म्हणालात, "टायरची नक्षी बघ, जराही झिजली नाही, नवीकोरी!" नवीकोरीच राहणार, गाडी पळते कुठे?

गाल फुगवायचे तर खुशाल फुगवा, पण आधी लेकीचा डबा भरा. तिने विचारलंच तर सांगा, आईने गाडी पळवली.

घाट नवे टायर आल्यावर चढू. गाडी मी चालवीन. तुम्ही शेजारी बसून "हळू, हळू" म्हणा, मी इतकी वर्षं म्हणत आले तसं.