गहिनीनाथ कसा आहे, असं विचारायला येतील तेव्हा

सुरत,
९ मे १९९६

तीर्थस्वरूप सुंदरकाका (पोलीस पाटील) यांना पुतण्या गहिनीनाथचा दंडवत. दंडवत मनातल्या मनात घालतो आहे, कारण साडीछपाईच्या कारखान्यात उभं राहून राहून कंबर अशी धरली आहे की एकदा आडवा झालो तर पत्र राहून जाईल. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंचा दमा बसला का? ल्युना आता एका किकमध्ये सुरू होते का? (हे शेवटचं विचारायला नको होतं, पण लिहून गेलं, आणि खोडायला गेलं की कागद निळा होतो. माझे हात कोपरापर्यंत निळे आहेत. साबणानं रंग जात नाही, चार दिवस रजा घेतली तर जाईल म्हणतात, आणि रजा मिळत नाही.)

आमच्या धाकट्या आदिनाथचं कळलंच असेल. खडकवासल्याच्या अकादमीत निवड झाली. वाडीतून फौजेत जवान पुष्कळ गेले, पण साहेब व्हायला निघालेला हा पहिलाच. लेखी झाली, भोपाळला पाच दिवस तावून सुलाखून घेतलं, डॉक्टरांनी दात मोजले, सगळ्यात पास. फक्त कागदावर तो पास झालेला नाही. कागदावर मी झालो.

तुम्हाला हे माहीत आहे, तरी लिहितो, कारण सगळ्यांनाच विसरणं सोयीचं पडलं आहे. मी दुसरीत होतो तेव्हा आई-आबांनी मला ऊसतोडीला नेलं. आबा नाव काढायला शाळेत गेले, तर राधाकिशन गुरुजी म्हणाले की पट कमी झाला की एक मास्तर कमी होतो, आणि शाळेत मास्तर एकच. मग त्यांनीच तोड काढली. "नाव ऱ्हाऊ द्या, पोरगं बदला." आजीपाशी राहिलेला पाच वर्षांचा आदिनाथ सरळ दुसरीत माझ्या जागेवर बसला. पाटीसुद्धा माझीच. पुढच्या साली दुरुस्त करू, पुढच्या साली करू, असं म्हणता म्हणता तो बारावी झाला. दाखला, मार्कमेमो, जन्मतारीख १ जून १९७७ (आख्खी वाडी गुरुजींनी एक जूनलाच जन्माला घातली आहे), सगळं माझं. मी पहिल्या वर्गात बारावी पास आहे काका, आणि इथं साड्या पिळतो.

भोपाळला मीच त्याला सोडायला गेलो होतो. घरून कुणी एकट्याला पाठवायला तयार नव्हतं, आणि माझी नोकरी तशीही सुटलेली होती. (ती या वर्षातली तिसरी.) स्टेशनावर फौजेची गाडी उभी. हवालदारानं यादीतून "गहिनीनाथ" पुकारलं आणि मी सवयीनं "हजर" म्हणून आदिनाथच्या आधी गाडीत चढून बसलो. हवालदारानं माझे हात बघितले, यादी बघितली, पुन्हा हात बघितले. मग खाली उतरवलं. दुसरीनंतर हजेरी द्यायची वेळच आली नव्हती, त्यामुळं उतरायला जरा जड गेलं.

आत काय झालं ते आदिनाथनं नंतर सांगितलं. एक खड्डा, एक फळी, एक ओंडका, एक दोरी, आणि आठ पोरांनी मिळून पलीकडं जायचं. बाकीचे इंग्रजीत चर्चा करत होते. यानं ओंडका मोळीसारखा डोक्यावर घेतला आणि फळीवरून तुरुतुरु चालत पलीकडं नेऊन ठेवला, आपण ट्रकात ऊस चढवतो तसा. साहेबांनी विचारलं, कुठं शिकलास. हा म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत. खोटं नव्हे. दर सुट्टीला येऊन माझ्या वाटच्या मोळ्या तो वाहायचा, आणि मी बांधावर पडायचो.

आता खरं लचांड. तुम्ही पाटोद्याला लेकीकडं होतात त्या मंगळवारी ठाण्यातून पोलीस आला, उमेदवाराची चालचलणूक तपासायला. फाट्यावरच्या हॉटेलात बसला आणि विचारलं, गहिनीनाथ कसा आहे? कुणी कुणाला सांगून ठेवलं नव्हतं. विठ्ठलरावांनी वडवणीच्या बाजारात मी भोपळ्यांवरून नेलेला मुकादमाचा ट्रॅक्टर सांगितला. दगडाबाईनं मी तिच्या शेळ्या सोडल्याचं सांगितलं, शेळ्यांच्या नावानिशी. परळीला रेल्वेचं इंजन बघायला नेलेली तुमची ल्युना थर्मलच्या राखेच्या डबक्यात गेली, तेही निघालं. दीड पान भरलं. आणि चहाचा कप घेऊन समोर उभा कोण? आदिनाथ. मीच तो, असं म्हणावं तर ते दीड पान अंगावर, नाही म्हणावं तर अकादमी गेली. शेवटी हा म्हणाला, मी त्याचा भाऊ.

पोलीस त्याला म्हणाला, "तुझा भाऊ लई इब्लीस दिसतो बे."

"न्हाई साहेब," हा म्हणाला, "कामाला चांगला हाय. एका जागी थांबत न्हाई, एवढंच."

हे त्यानं वडवणीच्या एसटीडी बूथवरून मला सांगितलं. मीटर पळत होतं. शेवटी म्हणाला, दादा, मी खरं सांगून टाकू का? मी म्हटलं, गप बस. दहा वर्षं माझ्या नावानं अभ्यास केलास, आता माझ्या नावानं गप बस.

असो. तुमच्याकडं काम काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहिलं. मुलांना आशीर्वाद, काकूंना नमस्कार.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. : तो पोलीस येत्या बुधवारी पुन्हा येणार आहे, फक्त तुम्हाला भेटायला. तुम्ही लिहाल तेच वर जाईल म्हणतात. तेव्हा गहिनीनाथ शांत, अभ्यासू आणि निर्व्यसनी आहे, असं लिहा. खोटं होणार नाही, पोरगं तसंच आहे. ट्रॅक्टर, शेळ्या, ल्युना, सगळं आदिनाथच्या नावावर टाका. आदिनाथ कुठल्याच कागदावर नाही, त्याचं काही बिघडत नाही.

ता. क. २ : आईला सांगा, त्याला चारचौघांत गहिनीनाथ म्हणायची सवय कर. ती रडेल. मी इतक्या लांब आहे, हाक मारली तर दोघं ओ देणार नाहीत, असं समजवा.

ता. क. ३ : तुम्ही जो दाखला द्याल, त्याची एक नक्कल मला पाठवा. गहिनीनाथची वर्तणूक चांगली आहे, असं सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं एकदा बघावं म्हणतो. पाकिटावर नाव मात्र आदिनाथ टाका. मीही सवय करतो आहे.