दुसऱ्या बाजूचे चौथे गाणे

८ एप्रिल १९६९, मंगळवार

ओडेसा लुसिल टिलरी — तुझे पूर्ण नाव लिहिण्याची सवय मला या दोन महिन्यांत लागली आहे. विम्याचे कागद, चर्चचे दफ्तर, मृत्यूचा दाखला — सर्वत्र पूर्ण नाव लागते. आज तुला जाऊन बरोबर दोन महिने झाले. परंतु मृत व्यक्तीस उद्देशून लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. यापुढे जे लिहावयाचे ते वहीसाठी लिहीन.

वस्तुस्थिती अशी. एक मे रोजी फिलाडेल्फियातील ही भाड्याची जागा रिकामी करून द्यावयाची आहे. माझी बहीण बूला हिने विल्मिंग्टनच्या आपल्या घरातील मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली आहे. फोनवर म्हणाली, "ऑगी, पुस्तकं निम्मी तिथंच टाकून ये. माझ्या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तुझे ते रोमन लोक!" मी चौतीस वर्षे लॅटिन शिकविले. कोणते रोमन टाकावेत हे ठरविण्यात दुपार गेली. एकही टाकला नाही.

९ एप्रिल

दोन खोकी भरली. थकलो.

११ एप्रिल, शुक्रवार

आज स्वयंपाकघर. ओव्हनखालच्या कप्प्यात केकचे पत्रे असतात. तो कप्पा मी सोळा वर्षांच्या संसारात कधी उघडला नव्हता. पत्र्यांच्या मागे, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ग्रामोफोनची एक तबकडी मिळाली. सुपरमार्केटात साबणाच्या शेजारी तारेच्या मांडणीवर असतात त्या स्वस्तातल्यांपैकी. किमतीची चिठ्ठी अजून शाबूत — नव्व्याण्णव सेंट. वेष्टनावर सोनेरी केसांचे एक जोडपे एकाच पेल्यातून दोन नळ्यांनी सोडा पीत आहे. आत जे गातात ते आमच्यासारखे काळे लोक; त्यांपैकी एकाचेही केस त्या रंगाचे नसावेत.

ही तबकडी मी पूर्वी पाहिली आहे. नऊ वर्षांपूर्वी ओडेसाने ती बाजाराच्या पिशवीतून काढली आणि कोटही न उतरविता ग्रामोफोनवर लावली. मुले गल्लीच्या कोपऱ्यावर दिव्याखाली उभी राहून गातात तसले गाणे — चौघांनी तोंडाने वाद्ये वाजवावयाची, डिंग-डा-डिंग, आणि एकाने वर रडावयाचे. मी वह्या तपासीत होतो. म्हणालो, "यात एकही धड शब्द नाही. हा गोंगाट या घरात नको."

ती "बरं" म्हणाली. सुई उचलली. तबकडी तिने टाकून दिली असे मी धरून चाललो होतो.

आज वाजविली नाही.

१२ एप्रिल, शनिवार

वाजविली.

पहिल्या बाजूत काही नाही. दुसऱ्या बाजूचे चौथे गाणे — खाली चार पुरुषांचे आवाज आणि त्यांच्यावर, अगदी वर, एका स्त्रीचा. मी हातातील दोरीचे बंडल खाली ठेवले. ओडेसा!

भांडी घासताना ती वरच्या पट्टीत गुणगुणत असे. मी आत आलो की थांबे. तेच वळण, तोच शेवटी खाली येणारा सूर. मला शंका नाही.

हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण इतर कोणास सांगता येणार नाही. तिच्या आवाजाचे कोणतेही मुद्रण माझ्याजवळ नाही. गेले दोन महिने मी तो आवाज आठवण्याचा प्रयत्न करतो आणि मला केवळ वाक्ये आठवतात. "दूध संपलंय." "छत्री घ्या." वाक्ये माझ्याच आवाजात ऐकू येतात.

अकरा वेळा ऐकले.

१३ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. ऐकले.

वेष्टनावर या गाण्यापुढे 'सिल्व्हर हार्ट्स' एवढेच छापले आहे. कोण हे चौघे? कोणत्या वर्षी? तिने मला कधी सांगितले नाही. मी विचारले नव्हते, हेही खरे.

१५ एप्रिल, मंगळवार

साउथ स्ट्रीटवर झेल्निक यांचे जुन्या तबकड्यांचे दुकान आहे. धूळ, सिगारचा वास, आणि काउंटरमागे स्वतः झेल्निक सँडविच खात बसलेले. वेष्टन पाहून म्हणाले, "अहो साहेब, असल्या रेकॉर्डी मी दाराला अडसर म्हणून लावतो!" मी दुसऱ्या बाजूचे चौथे गाणे वाजविण्याची विनंती केली. तिसऱ्या ओळीला त्यांनी सँडविच खाली ठेवले.

"सिल्व्हर हार्ट्स? कुणाचे हार्ट्स आणि कुणाचं काय! असा ग्रुपच नव्हता. या स्वस्तातल्या कंपन्या बुडालेल्यांच्या टेपा घाऊक उचलतात. डब्यावर नाव नसलं, की जेवता जेवता एखादं ठेवून देतात. हे हॅवरफर्ड्स आहेत, साहेब! तुमच्या वेस्ट फिलाडेल्फियाचीच पोरं, हॅवरफर्ड अव्हेन्यूची. एक्कावन्न साली एकच रेकॉर्ड काढली. शंभरेक खपल्या असतील, त्याही पोरांच्या आयांनी घेतलेल्या. मी अकरा वर्षं शोधतोय, आणि ते गाणं मिळालं कुठं, तर किराणा दुकानातल्या भंगारात!"

"ही गाणारी बाई कोण?" मी विचारले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "बाई?" मग म्हणाले, "खालचा आवाज देणारा डनमायर अजून आहे. बावन्नाव्या रस्त्यावर लाँड्री आहे त्याची. त्यालाच विचारा. मला मध्ये घेऊ नका."

तबकडी विकता का, असे विचारले. नाही म्हणालो.

१७ एप्रिल, गुरुवार

रॉस्को डनमायर. धिप्पाड मनुष्य, आवाज जमिनीखालून आल्यासारखा. मी दारातच होतो तोच म्हणाला, "या मास्तर. उशीर केलात."

मी त्यास ओळखत नाही असे म्हणालो. "कसे ओळखाल? अंत्यविधीला मी शेवटच्या बाकावर होतो. तुम्ही हात मिळवलात, 'आभारी आहे, मिस्टर—' म्हणालात आणि थांबलात. मी म्हटलं, राहू दे, आज कशाला!"

मी तबकडीविषयी सांगितले. त्यावरील ओडेसाच्या आवाजाविषयी सांगितले. तो प्रथम हसला, मग माझे तोंड पाहून थांबला, मग पुन्हा हसू आवरेना म्हणून पाठ फिरवून इस्त्रीच्या यंत्राची वाफ सोडू लागला.

"ओडेसा? गाणार? अहो, ती गायला लागली की गल्लीतली कुत्री घरात पळायची! तो लॉन्झो आहे. लॉन्झो प्रूइट. सतरा वर्षांचं पोरगं. आम्ही चौघं खाली, तो वर. आवाज बाईचा आणि भूक रेड्याची! आमच्या असल्या ग्रुपात वरचा आवाज पोराचाच असतो, मास्तर. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

मला ठाऊक नव्हते. मी खुर्ची मागितली.

पुढचे त्याच्याच शब्दांत, आठवेल तसे: "आम्ही जिन्यात गायचो. जिन्यात आवाज काय घुमतो! ओडेसा वरच्या मजल्यावर राहायची. पायरीवर बसून आम्हाला शिव्या द्यायची — रॉस्को, तुझं लक्ष कुठाय. लॉन्झो, नाक पूस आधी. रेकॉर्डिंगच्या दिवशी लॉन्झो घाबरून पलंगाखाली शिरला. हिनं पाय धरून ओढून काढला! नाहीतर हे गाणं झालंच नसतं. पुढच्या वर्षी तो कोरियाला गेला. आला तो पेटीत."

एक प्रश्न विचारू नये असे मला वाटत होते. विचारला.

"छे हो! धाकट्या भावासारखा होता तिला. आणि असता तरी, मास्तर, तुमच्याआधीचं आहे ते. मेलेल्या पोराशी कसलं भांडण?"

मग त्याने विचारले, "आता गुरुवारचं काय करायचं?"

"गुरुवारी ओडेसा चर्चच्या शिवणमंडळात जात असे," मी म्हणालो.

"शिवणमंडळ! मास्तर, तुमच्या अंगावरच्या कोटाची बटणं गेली सोळा वर्षं मी लावतोय."

मी बटणांकडे पाहिले. चांगली लावलेली आहेत.

गुरुवारी ती लॉन्झोच्या आईकडे जात असे. मदर प्रूइट, वय एक्याऐंशी, दृष्टी गेलेली. मुलाच्या आवाजाची हीच एक खूण. मूळ तबकडी घर बदलताना फुटली होती. नऊ वर्षांपूर्वी ओडेसाला सुपरमार्केटात ही मिळाली. वेष्टनावर नाव भलतेच, परंतु गाण्याचे नाव तेच. तेवढ्यावरून तिने ती घेतली. एकदा म्हातारीने स्वतः सुई ठेवू पाहिली आणि ओरखडा पडला. तेव्हापासून तबकडी ओडेसा घेऊन जाई आणि घेऊन येई. नऊ वर्षे. दर गुरुवारी. मी त्या दिवशी थंड कोंबडी आणि बटाट्याची कोशिंबीर खात असे.

"म्हातारीला अजून सांगितलेलं नाही," डनमायर यंत्राकडे पाहत म्हणाला. "दर शनिवारी चादरी द्यायला जातो, ती विचारते, ओडेसा का येत नाही? मी म्हणतो, सर्दी झालीय. दोन महिने कुणाची सर्दी राहते? मला नाही जमत, मास्तर. तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले."

१८ एप्रिल

ऐकले नाही. तो आवाज आता एका परक्या मुलाचा आहे. ओडेसा दुसऱ्यांदा गेली.

२० एप्रिल, रविवार

राग. कोणावर, हे निश्चित करता येत नाही. तबकडी झेल्निक यांस देऊन टाकावी असा विचार सकाळभर होता.

ती "बरं" किती वेळा म्हणाली असेल? पडद्यांचा रंग — बरं. बूलाकडे नाताळ — बरं. मी त्यास संमती समजत आलो.

२२ एप्रिल

बूलाचा फोन. "खोलीला पडदे कुठले लावू?" मी म्हणालो, तुला आवडतील ते. "अगं बाई! ऑगी, बरा आहेस ना?"

२४ एप्रिल, गुरुवार

गेलो. काय बोलावयाचे ते कागदावर लिहून पाठ केले होते. तीन वाक्ये.

दार नुसते ओढलेले होते. आतून हाक आली, "आलीस का गं बये? किती दिवस—" आणि मग, "नाही. हे बूट कुणाचे?"

मी नाव सांगितले. तीन वाक्यांतील पहिले वाक्य सुरू केले. ती खुर्चीत ताठ बसली होती. गळ्याशी कॉलरचे बटण नीट लावलेले, केस विंचरलेले — गुरुवार म्हणून. मी म्हणालो, "ओडेसाला बरे नाही. तिने मला पाठविले आहे."

मी खोटे बोललो. चौतीस वर्षे मुलांना त्यासाठी उभे केले.

"मास्तर ना तू? बस, बाबा. ती सांगायची — माझा नवरा दिवसभर मेलेल्या माणसांशी बोलतो, घरी येईपर्यंत जिवंतांसाठी शब्दच उरत नाहीत. रागावू नकोस, लाडानं म्हणायची."

मी तबकडी लावली. उभाच राहिलो. मदर प्रूइटने मधेच बोट वर केले. "इथं. श्वास घेतो बघ."

घेतो. इतक्या वेळा ऐकूनही मला तो ऐकू आला नव्हता. सर्दी झालेल्या मुलाचा श्वास आहे. एकदा ऐकल्यावर स्त्रीचा आवाज तेथे राहिलाच नाही.

ओडेसा येथे आल्यावर काय करीत असे, असे विचारले. "बूट काढून पाय या स्टुलावर टाकायची आणि त्याच्याबरोबर गायची. काय तो भसाडा गळा! मी म्हणायची, बये, माझ्या पोराला ऐकू दे! आठवडाभर तेच तोंडात असायचं म्हणे तिच्या. भांडी घासताना तर हटकून."

माझी ऐकण्यात चूक झाली होती असे नाही. वळण तिचेच होते. तिने ते येथून घरी आणले होते, आणि मी आत आलो की ती थांबत असे.

निघताना म्हातारीने पीच घातलेला केक कागदात बांधून दिला. "तिला दे. तिला खालचा भाग आवडतो, करपलेला." मी घेतला. घरी येऊन उभ्याने खाल्ला.

२७ एप्रिल

सतरा खोकी. ग्रामोफोन शेवटपर्यंत बांधावयाचा नाही असे ठरविले. का, ते ठाऊक नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

डनमायर लाँड्रीत टाकलेला माझा कोट द्यायला स्वतः आला. "सांगितलंत?" मी नकारार्थी मान हलविली. तो रिकाम्या खोलीच्या मध्यभागी खोक्यावर बसला. "दोन गडी आणि एका म्हातारीपुढं शेळ्या!" म्हणाला.

१ मे १९६९, गुरुवार

गाडी दुपारी सव्वाची. सकाळीच मदर प्रूइटकडे गेलो, खरे सांगण्यासाठी. गाणे संपल्यावर सांगू असे ठरविले होते. मी सुई ठेवण्यापूर्वीच ती म्हणाली, "मास्तर, ओडेसा असती ना, तर तिनं तुला इथं कधीच पाठवलं नसतं. मला त्याच दिवशी कळलं. म्हटलं, तुला सांगायला जमेल तेव्हा सांग."

"आठ फेब्रुवारी," मी म्हणालो. "पहाटे. झोपेत."

तिने हात पुढे केला, मी धरला. खूप वेळ. मग म्हणाली, "लाव आता. आणि आज उभा राहू नकोस."

मी बसलो. बूट काढले.

सव्वाची गाडी गेली. बूलाला फोन केला: संध्याकाळी पोहोचतो, दर गुरुवारी मला फिलाडेल्फियात काम असते, त्या दिवशी जेवणास थांबू नये. ती म्हणाली, "कसलं काम?" मी सांगितले. सगळे सांगितले.

तीन वाजता दार लावले. कुलूप ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या — माझी आणि तुझी — घरमालकास परत दिल्या.