माल रिजेक्ट झाला त्याची हकिगत

तीर्थस्वरूप झुंबरअक्कास,

निरगुडसरहून धाकटा भाऊ दादाभाऊ याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, जमिनीला नाक लावायला डॉक्टरांची बंदी आहे, मातीत बुरशी असते म्हणे). पिंपळवंडीत सगळी खुशाल असतील. दाजींचे गुडघे कसे आहेत?

माझं म्हणशील तर जुनी फुफ्फुसं काढून परक्याची बसवली त्याला चौदा महिने झाले. कुणाची ते सांगत नाहीत. ज्या घरानं दिली त्यांच्या आठवणीनं अजून रडू येतं, पण रडलं की खोकला येतो आणि खोकला आला की आमची सौभाग्यवती सुंदरा थर्मामीटर घेऊन धावते, म्हणून आवरतं घेतो. रोज सकाळी एका यंत्रात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. दिवाळीपर्यंत अडीच लिटर होता, मग घसरत घसरत एक पॉइंट आठवर आला. पुण्याला नेलं, नळी घालून आतला तुकडा तपासला, आणि डॉक्टर म्हणाले, रिजेक्शन. म्हणजे माझंच अंग या फुफ्फुसांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडलंय. आपला चुलतभाऊ कुशाबा (त्याचा द्राक्षांचा कंटेनर गेल्या साली परदेशातून परत आला) भर वॉर्डात म्हणाला, "मंग माल बदलून देत्यात का राव, का आपल्याच माथी?" डॉक्टर हसले नाहीत. मी हसलो आणि पुन्हा खोकलो.

अंगातली प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम निजवून ठेवायची असते. ती जागी कशानं झाली, हे कोडं डॉक्टरांना सुटेना. सध्या ती पुन्हा निजवायला स्टिरॉइडचा जबर डोस चालू आहे. त्यानं भूक इतकी लागते की सुंदरानं भाकरीची टोपली कुलपात ठेवली आहे. उतरलेला आकडा कधीकधी परत चढतच नाही, असंही डॉक्टर म्हणाले. अक्का, मला भीती वाटते. नात आरोही आत्ता कुठे पाऊल टाकायला लागली आहे.

दाजींना नमस्कार.

तुझा,
दादाभाऊ

ता. क. फोनच केला असता, पण सुंदरा स्पीकर लावते. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तू गुपचूप दिलेला काढा मी बाटली संपेपर्यंत प्यालो. ओवाळणाऱ्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? डॉक्टरांनी दोनदा विचारलं, घरचं काही औषध? दोन्ही वेळा मी म्हणालो, "नाय." आता सोमवारी खरं सांगणार आहे. त्यात काय काय घातलं होतंस ते लिहून, पत्र आणणाऱ्या भगवंतजवळच दे. तुझं नाव घेणार नाही.

आणखी ता. क. बाटलीवर तू चिठ्ठी चिकटवली होतीस, 'प्रतिकारशक्ती लई वाढते.' वाढली.