अर्ध्यावर थांबलेली ओळ

बाई,

तुमच्या बोटातली अंगठी टेबलाच्या कडेवर वाजायची, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. कविता शिकवताना तुम्ही पुस्तक कधी हातात धरलं नाहीत. अंगठीनं ताल धरायच्या, अर्धी ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. उरलेली अर्धी आम्ही म्हणायची. करमाडच्या शाळेतला तो पत्र्याचा वर्ग दुपारी भट्टीसारखा तापायचा, बाहेर जालन्याच्या रस्त्यावरून एखादा ट्रक कण्हत जायचा, आणि आम्ही पोरं पत्रे हादरतील अशा आवाजात ओळ पुरी करायचो. सगळ्यांत आधी आवाज माझा. "हा काही ओळ अर्धी राहू देत नाही," तुम्ही कौतुकानं म्हणायच्या. सातवीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही तुमचं स्वतःचं, खाकी पुठ्ठा चढवलेलं कवितांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलंत. आईनं ते देवाजवळ ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

तुम्हाला जाऊनही आता जमाना झाला. तरी एक बातमी सांगायची आहे. मी पुन्हा विद्यार्थी झालोय. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, पोरं आपापल्या गावी गेली, आणि मुकुंदवाडीच्या या दोन खोल्यांत दिवस सरता सरेना, तेव्हा समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. वर्गातली मुलं मला काका म्हणतात आणि पंख्याखालची जागा सोडून देतात. त्यात संशोधन पद्धती नावाचा एक पेपर आहे. नाव ऐकून वाटलं, नुसती आकडेमोड असेल. तसं नाही, बाई. माणसाला प्रश्न कसा विचारावा आणि विचारून झाल्यावर काय करावं, एवढंच त्यात शिकवतात, आणि तेवढंच मला येत नाही असं दिसतंय.

लघुप्रबंधासाठी मी विषय घेतला तो बजाजनगरच्या बायकांचा. कारखाने आले, नवऱ्यांना नोकऱ्या लागल्या, आणि त्यांच्या मागून ज्या गाव सोडून आल्या, त्यांचे इथले पहिले दिवस कसे गेले? पहिली मुलाखत ज्या बाईंची घेतली त्या आता नातवंडांच्या आजी आहेत. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांनी चहा दिला, मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, "गाव सोडून इथं आलात, पहिल्या दिवशी काय वाटलं?" त्या गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी म्हटलं, "एकटं एकटं वाटलं असेल." त्या म्हणाल्या, "व्हय." मी म्हटलं, "माहेरची आठवण येत असेल." "व्हय की." घरी आलो तो हवेत तरंगतच. केवढी करुण मुलाखत! तिच्यावर सबंध एक प्रकरण लिहिलं. आपल्या वर्गातली सासर-माहेरची जेवढी म्हणून गाणी आठवत होती, तेवढ्यांचा ओलावा त्यात उतरला.

हा पेपर शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेत. त्यांनी ती मुलाखत मला भर वर्गात मोठ्यानं वाचायला लावली.

"थांबा काका. 'एकटं' हा शब्द कुणी आणला?"

"मी."

"माहेर?"

"तेही मीच. पण मॅडम, त्या गप्प बसल्या होत्या हो."

"मग बसू द्यायचं होतं ना."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मॅडमनी पानं परत दिली आणि हळूच म्हणाल्या, "एकतर परत जाऊन ऐकून या, नाहीतर हे प्रकरण काढा. हे त्यांचं नाही, तुमचं आहे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "त्या मॅडमला माझा नमस्कार सांगा. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. मी 'भाजीत' म्हटलं की तुम्ही 'मीठ' म्हणता. मला हळद म्हणायचं असतं."

तेव्हा मला ती दुपार आठवली, बाई. आणि म्हणूनच हे लिहायला बसलो. तुम्ही नदीची कविता घेतली होती. अंगठी वाजत होती. पहिल्याच कडव्यात तुम्ही ओळीच्या मध्ये थांबता, अंगठीही थांबते, आणि आम्ही रोजच्यासारखे गर्जतो, सगळ्यांत पुढं मी. तुम्ही फळ्याकडं तोंड करून उभ्या. वळत नाही. आम्हाला वाटतं, आवाज कमी पडला. म्हणून तीच ओळ पुन्हा, आणखी जोरात. दुसऱ्या दिवशी शिपायानं सांगितलं, की मधल्या सुट्टीत तार आली होती, तुमची आई गेली होती, आणि गावाकडची एसटी संध्याकाळशिवाय नव्हती म्हणून तुम्ही तास घेतलात. त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी थांबलाच नव्हता. जरा वेळ शांत राहिलो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता? की काहीच नाही? हे आता कुणाला विचारू? तुमच्याकडून जे शिकलो तेच उतारवयात सोडायचं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. अन् नाही सोडलं तर तुमची ती पाठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी परत गेलो बजाजनगरला. ताई फाटकातच उभ्या होत्या.

"आता काय राह्यलं, भाऊ? त्या दिशी सगळं तुम्हीच तर सांगितलं. मी व्हय म्हणलं. झालं की!"

"म्हणूनच आलोय, ताई. आज मी नाही बोलणार."

"आज मला टाइम नाय." फाटकाची कडी लागली. त्यांचा राग मला समजला, आणि मी आल्या रिक्षानं परत फिरलो.

सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. काल मी ते प्रकरण काढून टाकलं. मागं जे उरलं त्याला बूड नाही. मॅडम बहुधा पुढच्या वर्षी या म्हणतील. त्याचं फार नाही वाटत. वाटतं ते हे, की एक बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविषयी काही सांगणार होती आणि मी मध्ये बोललो. आता ती कुणाला सांगणार?

दार वाजतंय. गॅसवाला असेल. बघून येतो.

बाई, ताई आल्यात. सुनेला इथल्या दवाखान्यात दाखवायला आणलं होतं, तिला रिक्षात बसवून त्या दार शोधत आल्या. मुलाखतीच्या वेळी मी दिलेल्या माहितीपत्रकावर पत्ता होता म्हणाल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहून बोलल्या, "भाऊ, ते एकटं-बिकटं खोडून टाका. तसं नव्हतं. सासरी चुलीपुढं दहा जणींत मला कुणी नावानं हाक नाय मारली. इथं खोलीत आले, दार लावलं..." आणि तिथंच थांबल्या.

मी मोबाइल घ्यायला म्हणून आत आलोय. बायको त्यांना पाणी देतेय, तीही काही बोलत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी आता पुरं करायला सवड नाही. एवढंच कबूल करतो, बाई: त्यांच्या पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार आहे. ते गिळून बाहेर जातो.