माशी पाण्यावर टेकण्याआधी

शेंडी, ५ डिसेंबर

जयमाला,

काल सकाळी भंडारदऱ्याच्या पाण्यात होडीत तुझा भाऊ योगेशदादा म्हणाला, "मालीची सुपारी फुटली," आणि तिथून माझं सगळं फिरलं. बरी असशील. घरी सगळ्यांना नमस्कार सांग, असं लिहिणार होतो. आता कुठल्या तोंडानं लिहू?

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद. उघडाच योगेशदादाच्या हातात देणार आहे. आधी त्यानं वाचावं.

दोन दिवस मासे धरायला ये, असं त्यानंच बोलावलेलं. मला वाटलं, मेव्हणा म्हणून पारखतोय. नवा शर्ट घालून आलो. त्याच्या तंबूंवर येणाऱ्या पर्यटकांसाठी तो कोंबड्याच्या पिसाच्या माश्या बांधतो. गळाला आमिष नाही, नुसती ती माशी. पहिल्या दिवशी प्रवरेत गुडघाभर पाण्यात उभं करून शिकवलं. दोरी मागं फेकायची, ती मागं सरळ होईस्तोवर थांबायचं, मग पुढं. मी थांबतोय कुठला. चाबकासारखा आवाज यायचा आणि माशी पाण्यावर टेकण्याआधीच तुटून जायची.

"बैल हाकतो का काय?" म्हणाला. आणखी एक तुटली तेव्हा, "कालेज बी असंच तोडलं व्हय?"

मीही हसलो. खरं तुला माहीत आहे. कॉलेजात त्या पोरानं तुझं नाव घेतलं, मी त्याचं नाक फोडलं, आणि तू मला म्हणालीस, "तुला सांगितलं कुणी?" मग वर्गात गेलोच नाही.

काल होडीत मी विचारलं, "तिला विचारलं का?"

"इचारलं. व्हय म्हनली. तुला भाहेरून कळन्यापरीस म्या सांगावं, म्हनून बोलावलं."

जे लिहायचं ते टाळून मी इतका वेळ शर्ट आणि माश्या सांगत बसलोय. मी त्याला म्हणालो, "तिचे मेसेज आहेत माझ्याकडं. नवरदेवाकडच्या पाहुण्यांना पाठवतो."

त्यानं दोरी गुंडाळली. होडी काठाला लावली. चहा दिला आणि म्हणाला, "पानी खोल हुतं म्हनून गप बसलो. तवा काठावर असतो तर बोललो असतो."

मग खोलीत येऊन, कुठला मेसेज पाठवू म्हणून सगळे वाचले. पेपर कसा गेला. जेवलास का. भांडत जाऊ नकोस. पुन्हा पहिल्यापासून वाचले, उभ्यानं, येरझाऱ्या घालत. तू मला हो म्हटलेलं कुठंच सापडलं नाही. मीच ते सगळीकडं वाचत आलो होतो.

पुसले. 'जेवलास का' तेवढा ठेवावा वाटलं. तोही पुसला.

तो बाहेर ओट्यावर बसलाय, खोकला ऐकू येतोय. त्याच्या तोंडाकडं बघणं सगळ्यात अवघड. मोबाईल देतो, त्यानं बघून घ्यावा. मारलं तर मार खाईन. हात उचलणार नाही, एवढं तुला लिहून देतो.

उठलो. दार ओढून बाहेर त्याच्याकडं निघालोय.

नुसता
अमृत