धोतर नेसून ये

मनीषनगर, नागपूर
२० जानेवारी २०२६

चि. पिंटूस,

चंद्रभानचे उरलेल्या दातांसकट आशीर्वाद. तू माझा नंबर बंद केलास आणि डॉक्टरांनी माझा जबडा तारेनं बंद केला, म्हणून हे पत्र. तुझी बायको हर्षा बाबांना पाहायला आली आहे, तिच्याच हाती मौद्याला पाठवतो. माया मला नळीनं वरणाचं पाणी पाजते आणि म्हणते, लग्नापासून घरात इतकी शांतता नव्हती.

तुझा हात कसा आहे? बाबांची काठी माझ्या जबड्यावर तुटली तेव्हा फाचर तुझ्या तळव्यात घुसली म्हणे. काठीला तसंही आता काम उरलं नव्हतं. फरशीवरचं रक्त निघालं, भिंतीवरचं नाही. माया पाहुण्यांना ती पानाची पिचकारी म्हणून सांगते.

तर तो फोनवरचा गोळीबाराचा गेम. आपण दोघं एका टोळीत. तू ड्यूटीनंतर मौद्याहून, मी बाबांच्या खाटेवर बसून. तू तुझ्या गड्याला पांढरं धोतर, लाल पागोटं, झुपकेदार मिशा चढवल्यास. हुबेहूब आपले बाबा नत्थूजी, फक्त हातात बंदूक. बाबा माझ्या फोनवर पाहायचे. धोतर सावरत छतावरून उडी, दोघांची डोकी फोडली, मग एक गोळी कपाळात आणि पागोटं रक्तात. बाबा खोकला येईपर्यंत हसायचे. "पुन्हा मेलो काय गा?"

मग गेमवाल्यांनी सोय दिली. दुसऱ्यांचे वेश आपल्या फोनपुरते लपवता येतात. मी लगेच लपवले. तू खाकीतला साधा शिपाई झालास.

"मी कुठं गेलो गा?" बाबांनी विचारलं. पुन्हा विचारलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

परवा तू आलास आणि माझा फोन पाहिलास. "काहून मिटवलं बाबाले? मी मौद्यात रायतो. याच धोतरात तं त्यायच्या जवळ येतो मी."

"बापाले रोज गोळ्या खाऊ घालतं, अन् वरून पुण्य मांगतं?" मी म्हणालो. पुढचं तुला ठाऊक आहे. पहिली थप्पड कोणाची, हा विषय मायासमोर काढू नकोस. ती दारातच उभी होती.

माझं म्हणणं अजून तेच आहे. ही सोय हवीच. ज्याला जे पाहवत नाही ते त्यानं झाकावं, समोरच्याचे कपडे काही त्यानं फाटत नाहीत. फक्त फोन माझा होता आणि डोळे बाबांचे, एवढं माझ्या शहाण्या टाळक्यात शिरलं नाही.

आता जबडा धड असतानाही जे तोंडातून निघालं नाही ते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डायलिसिस झेपणार नाही. होळीपर्यंत, म्हणाले. त्यानंतर तुझ्या धोतरवाल्याला गोळी लागली की माझ्याच्यानं फोन धरवेना.

आज सकाळी मी वेश पुन्हा उघडे केले. तुझा गडी बाबांना दाखवला. ओळखलं. पाटीवर लिहून विचारलं, पिंटूला बोलावू?

"बोलाव," म्हणाले. "पण त्याले सांगजो, आज मले लवकर नको मारू."

संध्याकाळी ये. घरी यायला तोंड नसेल तर गेममध्ये ये, पण धोतर नेसून ये. मी पुढे चालतो. गोळ्या आधी मला लागू दे.

तुझा,
तोंड शिवलेला दादा